प्रेट्झेल : कडक की मऊ?

कडक प्रेट्झेल चांगला की मऊ, असं विचारताना हे दोन वेगळे पदार्थ आहेत असं आपण धरून चालतो. एक पाकिटातला, कुरकुरीत, येता-जाता तोंडात टाकायचा. दुसरा तळहाताहून मोठा, गरम, मोहरीच्या सॉसबरोबर खायचा. प्रत्यक्षात दोन्हींचा गोळा मैदा, पाणी, यीस्ट आणि मीठ यांचाच असतो. दोन्ही भट्टीत जाण्यापूर्वी अल्कलीच्या पाण्यातून काढले जातात आणि दोन्हींवर जाडं मीठ पडतं. खरा फरक आहे तो भाजून झाल्यावर आत किती पाणी उरलं याचा. मऊ प्रेट्झेलच्या वजनात साधारण एक तृतीयांश पाणी असतं, कडक प्रेट्झेलमध्ये जेमतेम दोन-तीन टक्के. तो किती टिकेल, कशाबरोबर चांगला लागेल, कुठे घ्यावा आणि कुठे घेऊ नये, हे सगळं या फरकावर ठरतं. म्हणून आपल्याला काय आवडतं याआधी एक साधी चौकशी करावी : हा भट्टीतून निघून किती वेळ झाला आणि आपण तो कधी खाणार? मऊ प्रेट्झेलचं आयुष्य तासांत मोजायचं, कडक प्रेट्झेलचं महिन्यांत. पश्चात्ताप होतो तो बहुधा या दोन मापांची गल्लत केल्यामुळे.

आधी दोघांत समान काय आहे ते पाहू, कारण खरा आणि नावापुरता प्रेट्झेल त्यावरून ओळखता येतो. वळलेला प्रेट्झेल कॉस्टिक सोड्याच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात काही सेकंद बुडवतात. जर्मन बेकऱ्यांत हे द्रावण गार आणि तीन-चार टक्क्यांचं असतं. अमेरिकेतल्या कडक प्रेट्झेलच्या कारखान्यांत ते टक्क्याच्या आसपास, पण उकळीच्या जवळपास तापवलेलं. या बुडीत वरच्या थरातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि प्रथिनांचे तुकडे पडतात. अल्कलीत प्रथिनं आणि साखर यांची भाजताना होणारी प्रक्रिया, जिला मेलार्ड प्रक्रिया म्हणतात, फार वेगाने होते. म्हणून प्रेट्झेलला तो गडद तांबूस-तपकिरी रंग, ती चकाकी आणि किंचित कडवट चव येते. साध्या पावाला तितक्याच भट्टीत ती येत नाही. कॉस्टिक सोडा म्हटल्यावर दचकणं स्वाभाविक आहे. पण भट्टीत तो कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कार्बोनेटसारख्या निरुपद्रवी क्षारात बदलतो. जर्मनीत घराघरांत रोज खाल्ला जाणारा हा पदार्थ आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही. भीती बाळगायची ती घरी द्रावण करताना, आणि त्याबद्दल पुढे येईलच. तूर्त एवढं लक्षात ठेवावं की फिकट पिवळसर, निस्तेज सालीचा प्रेट्झेल हा बहुतेक वेळा नुसता पिळा घातलेला पाव असतो. जर्मनीत नववर्षाला मिळणारा गोडसर, दुधाचा मोठा प्रेट्झेलही याच जातीचा. तो चांगला लागतो, पण या तुलनेत त्याला जागा नाही.

जर्मनीतले मऊ प्रेट्झेल दोन घराण्यांचे, आणि त्यांच्यातला फरक नीट पाहिला तर कडक-मऊ या वादाची निम्मी उकल तिथेच होते. श्वाबेन प्रांतात, म्हणजे स्टुटगार्टच्या बाजूला, प्रेट्झेलचे हात अगदी बारीक वळतात, ते खाली पोटाशी चिकटवतात आणि जाडजूड पोटावर पात्याने एक आडवी चीर देतात. भाजताना ती चीर उमलते आणि आतला पांढरा भाग दिसू लागतो. पिठात लोण्याचं किंवा चरबीचं प्रमाणही बव्हेरियापेक्षा जास्त. बारीक हातांतलं पाणी भट्टीत उडून जातं, ते कुरकुरीत होतात. पोट मात्र मऊ राहतं. म्हणजे एकाच प्रेट्झेलमध्ये कडक आणि मऊ दोन्ही, आणि ती विभागणी केलेली असते फक्त जाडीने. बव्हेरियात, म्युनिकच्या बाजूला, हात जाड असतात, ते पोटाच्या बऱ्याच वर चिकटवतात आणि चीर देत नाहीत. साल भट्टीत आपोआप जिथे फाटेल तिथे फाटते. तिथे सगळा प्रेट्झेल जवळपास सारखाच मऊ आणि चिवट लागतो. ‘बायरिशे ब्रेत्सं’ हे नाव आता युरोपीय संघाच्या भौगोलिक संकेतांच्या यादीत आहे. आकाराच्या उगमाबद्दल प्रार्थनेत हात बांधलेल्या भिक्षूंची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिला भरवशाचा पुरावा नाही आणि खाणाऱ्याला तिचा उपयोगही नाही. उपयोग आहे तो आकारामुळे पाणी कुठे राहतं आणि कुठून जातं हे कळण्याचा. ज्याला कुरकुरीत आवडतं पण पाकिटातलं नको असतं, त्याने श्वाबियन घ्यावा. ज्याला पावासारखा भरगच्च घास हवा, त्याने बव्हेरियन.

स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे आणि मर्सिडीझचं माहेर म्हणून चाकणच्या अभियंत्यांनाही परकं नाही. तिथे गेलेल्या मराठी माणसाला पहिली गाठ पडते ती लोणी लावलेल्या प्रेट्झेलशी : पोट आडवं कापून आत गार लोण्याचा जाड थर. सकाळच्या न्याहारीला याहून सोपा शाकाहारी पर्याय नाही, असं वाटतं. इथे एक सावधगिरी हवी. दक्षिण जर्मनीतल्या काही बेकऱ्या पिठात लोण्याऐवजी डुकराची चरबी घालतात आणि ती चवीत ओळखू येईलच असं नाही. पाकिटावर घटक छापलेले असतात. त्यांत ‘श्वाइनेश्माल्त्स’ असा शब्द दिसला तर ती हीच. सुट्या प्रेट्झेलच्या बाबतीत काउंटरवर विचारावं लागतं, आणि विचारलं तर सांगतात. म्युनिकमध्ये प्रेट्झेलची ठरलेली सोबत म्हणजे वासराच्या मांसाचा पांढरा सॉसेज आणि गोड मोहरी. शाकाहाऱ्याने तिथे ओबात्स्दा मागावा. कॅमेम्बेअर चीज, लोणी आणि लाल मिरचीची सौम्य पूड एकत्र कुस्करून केलेला हा प्रकार बव्हेरियन प्रेट्झेलच्या चिवट, खारट सालीला नेमका पेलतो. ऑक्टोबरफेस्टच्या तंबूंत फिरणारे थाळीएवढे प्रेट्झेल बघायला भारी असतात, पण ते केव्हा भाजलेले आहेत याचा अंदाज येत नसेल तर साध्या बेकरीतला लहान प्रेट्झेल जास्त समाधान देईल.

हाताने वळलेला तोच खरा, यंत्राचा किंवा गोठवलेल्या गोळ्यापासून दुकानात भाजलेला दुय्यम, हा आक्षेप जाणकारांकडून हमखास येतो. त्यात तथ्य आहे, पण थोडं. यंत्राला मानवावं म्हणून पीठ घट्ट मळलं जातं आणि सावकाश आंबवण्याने येणारी चव कारखान्याच्या गोळ्यात अनेकदा कमी असते. तरीही मऊ प्रेट्झेलच्या बाबतीत वेळ या सगळ्यावर मात करते. ताज्या प्रेट्झेलची साल कोरडी आणि आतला भाग ओलसर असतो. भट्टीतून निघताच आतलं पाणी सालीकडे सरकू लागतं, साल चामड्यासारखी होते, आणि त्याच वेळी आतला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो. शिवाय वरचं मीठ हवेतला आणि सालीतला ओलावा ओढून विरघळतं. जागोजागी पांढरट डाग आणि फोड दिसतात. रेल्वे स्टेशनवरच्या साखळी दुकानात वीस मिनिटांपूर्वी भाजलेला यंत्राचा प्रेट्झेल नामांकित बेकरीतल्या सकाळच्या प्रेट्झेलहून संध्याकाळी चांगला लागतो, याचं कारण हेच. त्यामुळे दुकानाच्या नावापेक्षा वरचं मीठ पाहावं. खडे पांढरे, कोरडे आणि सुटे असतील तर घ्यावा. ओले, अर्धवट विरघळलेले दिसले तर पाटी कितीही जुनी असो, सोडून द्यावा.

अमेरिकेत मऊ प्रेट्झेलचं शहर म्हणजे फिलाडेल्फिया. तिथला प्रेट्झेल गोल नसतो, लांबट आणि दाबलेला, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा असतो, आणि ते एकमेकांना चिकटून ओळीने भाजतात. विकताना ओळच्या ओळ देतात, गिऱ्हाईक तोडून खातं. या मांडणीमुळे प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना साल धरतच नाही. रंग आणि कुरकुरीतपणा फक्त वर आणि खाली. पाणी आतच कोंडतं. म्हणून हा प्रेट्झेल जर्मन प्रेट्झेलपेक्षा जास्त दमट आणि चिवट असतो, आणि पिवळ्या मोहरीच्या सॉसशिवाय काहीसा मुका वाटतो. जर्मन प्रेट्झेल खाऊन आलेले लोक याला नाकं मुरडतात. ते अन्यायाचं आहे, कारण याच्याकडून कुरकुरीची अपेक्षाच करायची नसते. हे शहराचं स्वस्त, चालता चालता खायचं सकाळचं खाणं आहे आणि भट्टीजवळच्या दुकानातून कागदी पिशवीत गरम घेतलं तर त्याला तोड नाही. मात्र पिशवी कागदीच हवी. प्लास्टिकमध्ये वाफ कोंडली की मीठ विरघळतं, आणि या प्रेट्झेलच्या नशिबी आधीच थोडी असलेली सालही जाते.

मॉलमध्ये मिळणारा लोण्याने माखलेला मऊ प्रेट्झेल हा तिसरा प्रकार. अ‍ॅन बायलर यांनी १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डाउनिंगटाउनच्या शेतकरी बाजारात सुरू केलेल्या गाळ्यातून ‘आंटी अ‍ॅन्स’ ही साखळी उभी राहिली, आणि या धर्तीचा प्रेट्झेल जगभर पसरला. पीठ गोडसर, अल्कली सौम्य, साल पातळ, आणि भट्टीतून निघताच वरून वितळलेलं लोणी. गिऱ्हाइकासमोर सतत ताजा भाजला जातो, हे याचं मोठं बलस्थान. पण प्रेट्झेलची ती कडवट-खमंग चव यात शोधू नये. हा लोण्याचा, मिठाचा किंवा दालचिनी-साखरेचा पदार्थ आहे. मुलांना हाच आवडतो, आणि त्यात काही चूक नाही. सिनेमागृहात चीज सॉसच्या डबीबरोबर मिळणारा, दिव्याखाली तासन्‌तास गरम ठेवलेला प्रेट्झेल मात्र टाळावा. तिथे तो सॉस बहुधा शिळेपणा झाकण्याचंच काम करतो.

आता कडक प्रेट्झेलकडे. त्याच्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो म्हणजे वाळलेला मऊ प्रेट्झेल. पेनसिल्व्हेनियात सांगितली जाणारी दंतकथाही याच वळणाची आहे : भट्टीजवळ बसलेल्या शिकाऊ पोराला डुलकी लागली, प्रेट्झेल जास्त भाजले गेले आणि कडक प्रेट्झेल जन्माला आला. नोंदीने दाखवता येतं ते एवढं, की ज्युलियस स्टर्जिस यांनी १८६१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ गावात प्रेट्झेलची बेकरी काढली आणि अमेरिकेतली पहिली व्यावसायिक प्रेट्झेल बेकरी म्हणून ती ओळखली जाते. पुढे रेडिंग आणि हॅनोव्हर ही गावं याच धंद्याने नावारूपाला आली. शिळा प्रेट्झेल आणि कडक प्रेट्झेल यांतला फरक असा : शिळ्या प्रेट्झेलमध्ये पाणी बऱ्याच प्रमाणात असतंच, स्टार्च मात्र घट्ट झालेला असतो, म्हणून तो चिवट लागतो, दाताखाली फुटत नाही. कडक प्रेट्झेल आधी जास्त आचेवर भाजतात, मग कमी आचेच्या कोरड्या कप्प्यात सावकाश वाळवतात. पाणी दोन-तीन टक्क्यांवर आलं की आतली रचना काचेसारखी ठिसूळ होते आणि तुकडा आवाज करून मोडतो. वाळवताना घाई झाली तर कडा कोरड्या आणि मधला भाग ओलसर राहतो. गार होताना पाणी आतून बाहेर सरकतं, ताण पडतो आणि बारीक भेगा जातात. पाकिटाच्या तळाशी अर्धे-मुर्धे तुकडे आणि भुगा फार असेल तर वाहतुकीला दोष देण्याआधी हेही कारण ध्यानात घ्यावं.

कडक प्रेट्झेलचे प्रकार निवडताना पुन्हा जाडीच पाहायची. पातळ पिळे आणि काड्या यांत सालीचं प्रमाण जास्त, म्हणून मीठ आणि खमंगपणा आधी जाणवतो. पण घट्ट डिपमध्ये त्या मोडतात. जाड कांड्या डिपला आणि चॉकलेटात बुडवायला उत्तम. पेनसिल्व्हेनियातले मोठे, जाडजूड, आंबवलेल्या पिठाचे कडक प्रेट्झेल हा माझ्या मते या वर्गातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत चांगला प्रकार. ते दातांनी तोडायचे नसतात, हाताने मोडून खायचे असतात. आतल्या भागाला भाजलेल्या धान्याची चव असते, जी पातळ काडीत मिठाखाली दडून जाते. पहिल्यांदा खाणाऱ्याला ते दगडासारखे वाटतात, आणि कवळी किंवा कमकुवत दात असतील तर खरोखरच टाळावेत. शेंगदाण्याचं लोणी भरलेले गोळे प्रवासात पोटाला आधार देतात, एवढंच त्यांच्याबद्दल म्हणता येईल.

टिकवण्याच्या बाबतीत दोघांचे शत्रू वेगळे, म्हणून उपायही वेगळे. कडक प्रेट्झेल सादळतो, मऊ प्रेट्झेल शिळा होतो. अमेरिकेतून आणलेलं कडक प्रेट्झेलचं पाकीट पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात उघडं राहिलं तर तो चकलीसारखाच सादळतो, आणि उपायही तोच : घट्ट झाकणाचा डबा. सादळलाच तर ११०-१२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवून पूर्ण गार होऊ द्यावा, गरम असताना डब्यात भरू नये. मऊ प्रेट्झेल फ्रिजमध्ये ठेवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. फ्रिजच्या थंडीत स्टार्च उलट लवकर घट्ट होतो. त्याच दिवशी खायचा नसेल तर शक्यतो बिनमिठाचा घेऊन थेट फ्रीझरमध्ये टाकावा, आणि खाताना पाण्याचा हलका हात लावून, वर मीठ घालून १८० अंशांवर पाच-सात मिनिटं तापवावा. उष्णतेने स्टार्च पुन्हा सैल होतो, म्हणून शिळा प्रेट्झेलही तापवल्यावर काही वेळ ताज्यासारखा लागतो. गार झाला की मात्र आधीपेक्षा वाईट होतो. मायक्रोवेव्हमध्ये साल लिबलिबीत होते.

तळलेलं नाही, चरबी कमी, म्हणून कडक प्रेट्झेल हा बटाट्याच्या वेफर्सना आरोग्यदायी पर्याय, असाही एक युक्तिवाद असतो. चरबीपुरता तो बरोबर आहे. पण पाणी काढून टाकल्यावर उरतो तो जवळजवळ निव्वळ मैदा. शंभर ग्रॅम कडक प्रेट्झेलमध्ये साधारण ३८० कॅलरी असतात आणि तो रक्तातली साखर वेगाने वाढवतो, हे मधुमेह असणाऱ्यांनी विसरू नये. मिठाचं तर विचारूच नका. शंभर ग्रॅम खारवलेल्या कडक प्रेट्झेलमध्ये सोडियम हजार मिलिग्रॅमच्या पुढे सहज जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा दोन हजारांची आहे. यावर मऊ प्रेट्झेल बरा, असं कोणी म्हणेल. वजनाला वजन लावलं तर त्यात कॅलरी थोड्या कमी भरतातही. पण एक मोठा मऊ प्रेट्झेल सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा असतो आणि तो अर्धा ठेवून कोणी उठत नाही. तेव्हा आरोग्याच्या नावाखाली या दोघांत निवड करू नये. मीठ झटकता येतं, हा मात्र दोन्हींचा गुण. खडे मोठे असल्यामुळे बोटाने निम्मे सहज उडवता येतात.

भारतात राहणाऱ्याला ताजा मऊ प्रेट्झेल हवा असेल तर बहुतेक गावांत तो घरीच करावा लागेल, आणि इथे खरा प्रश्न येतो अल्कलीचा. गटारं साफ करायला मिळणारा कॉस्टिक सोडा खाण्याच्या प्रतीचा नसतो. तो कधीही वापरू नये. खाद्यप्रतीचा मिळाला तरी हातमोजे आणि चष्मा हवाच, पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं किंवा ताट त्याच्या जवळही नको. मुलं वावरतात त्या स्वयंपाकघरात हा खटाटोप मी सुचवणार नाही. साध्या खाण्याच्या सोड्याने मात्र काम अर्धंच होतं. त्याच्या पाण्याचा सामू आठच्या थोडा वर, कॉस्टिकचा तेराच्या पुढे, आणि सामूची प्रत्येक पायरी दहापटीची. सोडा वाढवून भरपाई करू गेलं तर साबणासारखी चव येते. मधला मार्ग चांगला आहे : खाण्याचा सोडा ताटात पसरून १२०-१५० अंशांवर तासभर भाजावा. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वजन एक तृतीयांशाहून जास्त घटतं आणि सोडियम कार्बोनेट उरतं. त्याच्या पाण्याचा सामू अकराच्या घरात जातो. हा भाजलेला सोडा त्वचेला झोंबतो, तेव्हा हाताऐवजी झाऱ्या वापरावा. पापडखार हाच प्रकार नव्हे का, असं कोणाही मराठी गृहिणीच्या मनात येईल. आहे तो अल्कलीच, उडदाच्या पापडातलं त्याचं कामही या प्रकरणापासून फार दूरचं नाही. पण बाजारातल्या पापडखाराची घटना दुकानागणिक बदलते, त्यामुळे प्रमाण सांगता येत नाही.

पाचशे ग्रॅम मैद्याला पावणेतीनशे मिलिलिटरपेक्षा थोडं कमी पाणी, दहा ग्रॅम मीठ, तीस-चाळीस ग्रॅम लोणी आणि पाच ग्रॅम कोरडं यीस्ट घेऊन पीठ घट्टच मळावं. सैल पिठाचे हात बारीक वळत नाहीत. वळलेले प्रेट्झेल उघडेच अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवले की वर पातळ साल धरते आणि बुडवताना आकार मोडत नाही. कच्च्या गोळ्याला फ्रिजची हरकत नाही, ती फक्त भाजलेल्याला. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम भाजलेला सोडा, दोन-तीन मिनिटं बुडी, मग साध्या पाण्यातून काढून २२०-२३० अंशांवर पंधरा मिनिटं. श्वाबियन हवा असेल तर भट्टीत सारण्याआधी पोटावर चीर द्यावी. याच पिठाचे पेन्सिलीएवढे बारीक पिळे करून भाजले आणि मग ११० अंशांवर तास-दीड तास वाळवून ओव्हनमध्येच गार होऊ दिले, तर ते कडक होतात. पहिला मोडून पाहावा; मध्ये जरा जरी लवला तरी उरलेले आणखी वीस मिनिटं वाळवावेत. मीठ जाडंच घ्यावं, आणि त्या दिवशी जितके मऊ प्रेट्झेल संपणार असतील तितक्यांवरच घालावं.